थेरीगाथा : गाथा काय बोलतात, अट्ठकथा काय सांगते

किसा गोतमीची गोष्ट माहीत नाही असा बौद्ध उपासक सापडणे कठीण. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागते, तथागत तिला ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणायला सांगतात, आणि ती रिकाम्या हाताने परत येते. वर्षावासातल्या प्रवचनांत, धम्मसहलीच्या बसमध्ये, मुलांच्या संस्कार शिबिरात ही कथा असंख्य वेळा सांगितली जाते. पण थेरीगाथेतली किसा गोतमीच्या नावावरची रचना उघडून पाहिली तर तिच्यात मोहरी नाही. तिथे आधी कल्याणमित्राची थोरवी आहे. मग स्त्रीजन्माच्या दुःखाची रोखठोक यादी येते : सवतीबरोबर नांदणे, बाळंतपणाच्या यातना, पोटात अडकलेले मूल, जीव देणाऱ्या बायका. त्यानंतर वाटेत मेलेला नवरा, गेलेली दोन मुले आणि एकाच चितेवर जळणारे आई, बाप, भाऊ यांचे वर्णन आहे. हे तर आपण पटाचाराची कथा म्हणून ऐकतो.

आणि पटाचाराच्या स्वतःच्या रचनेत काय आहे? शेत, पाणी, घोडा आणि दिवा. नवरा-मुलांचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

हा घोटाळा नाही. आपण 'थेरीगाथा' म्हणून जे ऐकतो त्यात दोन वेगवेगळे ग्रंथ एकत्र झालेले असतात, एवढाच त्याचा अर्थ. एक ग्रंथ म्हणजे गाथा. दुसरा म्हणजे अनेक शतकांनंतर आचार्य धम्मपाल यांनी 'परमत्थदीपनी' या नावाने लिहिलेली त्यांची अट्ठकथा. मोहरीची कथा, साप चावलेल्या नवऱ्याची कथा, नदीत वाहून गेलेल्या मुलाची कथा या अट्ठकथेच्या परंपरेतल्या आहेत. आमचे म्हणणे असे की, गाथा स्वतंत्रपणे वाचल्या तर त्यांतली स्त्री आपण समजतो त्यापेक्षा बरीच वेगळी दिसते. या लेखात आम्ही काही निवडक रचनांचा आशय आणि त्यांची बांधणी यांचा परिचय करून देत आहोत.

ग्रंथाची ओळख

थेरीगाथा हा सुत्तपिटकातल्या खुद्दकनिकायाचा एक ग्रंथ. भिक्खूंच्या रचनांची थेरगाथा आणि भिक्खुणींच्या रचनांची थेरीगाथा ही जोडी आहे. थेरगाथेत २६४ रचना आहेत, तर थेरीगाथेत ७३. या ७३ रचनांच्या मिळून पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत ५२२ गाथा भरतात. त्यांची मांडणी विषयानुसार किंवा काळानुसार केलेली नाही, ती गाथांच्या संख्येनुसार आहे. आधी एका गाथेच्या रचना, मग दोन गाथांच्या, असे चढत चढत १६ निपात होतात, आणि शेवटी सुमेधेची दीर्घ रचना येते. पाठांतरासाठी केलेली ही सोय आहे. हा ग्रंथ लिहिण्याआधी कितीतरी पिढ्या तोंडी चालत आला होता, हे या मांडणीतूनच कळते.

छापील स्वरूपात तो १८८३ साली आला. जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी पाली टेक्स्ट सोसायटीसाठी त्याचे संपादन केले. १९०९ साली कॅरोलाइन ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर निघाले, १९७१ साली के. आर. नॉर्मन यांचे काटेकोर गद्य भाषांतर आले, आणि २०१५ साली चार्ल्स हॅलिसी यांनी मूळ पालीसह नवे भाषांतर केले. हिंदीत भरतसिंह उपाध्याय यांचे भाषांतर जुने आणि अनेकांच्या परिचयाचे आहे.

पटाचारा : चार साध्या गोष्टी

पटाचाराच्या पाच गाथा (११२ ते ११६) आम्हाला या संग्रहातल्या सर्वांत घट्ट बांधलेल्या रचनांपैकी एक वाटतात. सुरुवात शेतीने होते. माणसे नांगरतात, पेरतात, त्यातून बायका-मुले पोसतात, धन मिळवतात. मग तिचा प्रश्न येतो : मी शील पाळते, शास्त्याने सांगितले ते करते, आळस करत नाही, मग मला निब्बान का मिळत नाही? या प्रश्नात रडगाणे नाही. कष्ट केले तर पीक यायला हवे, हा शेतकऱ्याचा हिशेब ती स्वतःला लावते आहे.

मग ती पाय धुते. पायावरचे पाणी उंचावरून सखल भागाकडे जाताना तिला दिसते. एवढेच. अट्ठकथा या ठिकाणी पाणी तीनदा ओतले, ते कमीजास्त अंतर गेले आणि त्यावरून तिला आयुष्याच्या तीन अवस्थांचा बोध झाला, असे सविस्तर समजावून सांगते. गाथेत समजावणे नाही. पाणी उताराकडे गेले आणि जातिवंत घोडा आवरावा तसे चित्त आवरले, एवढेच ती सांगते. पाणी आणि चित्त यांच्यामधली जागा तिने मोकळी सोडली आहे. ती वाचणाऱ्याने भरायची.

शेवटच्या भागातली क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. दिवा घेतला, कोठडीत गेली, अंथरूण पाहिले, मंचकावर बसली, सुई घेतली, वात खाली ओढली. रात्री निजण्याआधी घरातली कोणतीही बाई करते ती कामे, त्याच क्रमाने. आणि दिवा विझला तशी चित्ताची मुक्ती झाली. 'निब्बान' या शब्दाचा मूळ अर्थच विझणे असा आहे. पाली ऐकणाऱ्याला तो शब्द आणि समोरचा दिवा एकाच वेळी भेटत होते. आपण निब्बान हा शब्द फक्त पारिभाषिक म्हणून वापरतो, त्यामुळे ही गंमत आपल्या हातून निसटते.

जिचे सगळे कुटुंब एका दिवसात संपले असे परंपरा सांगते, तिच्या स्वतःच्या तोंडी मात्र पाणी आणि वात आहे. कुंडलकेशी भद्देच्या बाबतीतही तेच. चोर नवऱ्याने दागिन्यांसाठी कड्यावर नेले तेव्हा तिनेच त्याला ढकलून दिले, ही थरारक कथा अट्ठकथेत आहे. तिच्या पाच गाथांत (१०७ ते १११) त्याचा मागमूस नाही. तिथे केस उपटून एका वस्त्रात हिंडल्याची आठवण आहे, तथागतांनी 'ये भद्दे' म्हटले तीच उपसंपदा झाली हा अभिमान आहे, आणि अंग, मगध, वज्जी, काशी, कोसल या प्रदेशांत पन्नास वर्षे भिक्षा घेतली तरी कुणाचे ऋण राहिले नाही, असा चोख हिशेब आहे.

अट्ठकथेतल्या स्त्रीवर काहीतरी ओढवते आणि मग कोणीतरी तिला सावरते. गाथेतली स्त्री पाहते, विचारते, ठरवते. आपल्या कार्यक्रमांतून पहिलीच जास्त ऐकू येते.

मुसळ, उखळ आणि नाव

एका गाथेच्या रचनांत एक युक्ती सतत दिसते. थेरीला तिच्या नावाने हाक मारायची आणि त्या नावाचा अर्थच तिच्याकडून मागायचा. पुण्णा नावाच्या थेरीला पौर्णिमेच्या चंद्रासारखे पूर्ण हो असे सांगितले आहे, मुत्तेला मुक्त हो असे. आपल्या संतांच्या अभंगात नाममुद्रा शेवटी येते आणि ती कर्त्याची सही असते. इथे नाव सुरुवातीला येते आणि ते एक काम सोपवते.

मुत्ता नावाच्या दुसऱ्या थेरीची गाथा (११) जगभर प्रसिद्ध आहे. तीन वाकड्या गोष्टींतून सुटले, असे ती म्हणते : उखळ, मुसळ आणि नवरा. 'वाकडे' यासाठी पाली शब्द आहे खुज्ज, आपल्या 'खुजा' या शब्दाच्या नात्यातला. नवरा कुबडा होता हे समजते, पण उखळ आणि मुसळ वाकडे कसे? इथे अट्ठकथाच उपयोगी पडते. धम्मपाल सांगतात की धान्य घालताना, फिरवताना, कांडताना पाठ वाकवावी लागते, म्हणून ती पाठ वाकवणारी साधने खुज्ज म्हटली आहेत. कांडण केलेल्या बाईला हे स्पष्टीकरण लागणार नाही. पुढच्याच अर्ध्या गाथेत ती जन्म-मरणातून सुटल्याचे सांगते. मुसळ आणि जन्म-मरण एकाच दमात, एकाच क्रियापदाने. आधी संसाराचा त्रास आणि मग आध्यात्मिक मुक्ती अशा दोन पायऱ्या तिने केलेल्या नाहीत.

थेरगाथेत सुमंगल नावाच्या थेराची एक गाथा (४३) आहे. तोही याच चालीत तीन वाकड्या गोष्टींतून सुटल्याचे सांगतो. त्याच्या तीन गोष्टी आहेत विळा, नांगर आणि कुदळ. म्हणजे हा एक तयार साचा होता आणि जो तो आपापल्या कामाची अवजारे त्यात भरत होता. जात्यावरच्या ओव्यांत आपल्याकडे असेच होते. पहिली ओळ सगळ्यांची असते, पुढे नाव आपल्या भावाचे किंवा भीमरायाचे. मौखिक परंपरेत साचा वापरणे म्हणजे नक्कल नव्हे. साच्यात काय भरले यावर बाईची ओळख पटते. आणि मुत्तेने भरलेल्या तीन गोष्टींत एक जिवंत माणूस आहे, हे विसरून चालणार नाही. शेतकरी विळ्याला वाकडा म्हणाला तर कुणी हसत नाही. बाईने नवऱ्याला उखळाच्या शेजारी बसवले की लोक अजूनही हसतात किंवा चपापतात.

सुमंगलाच्या आईच्याही दोन गाथा (२३, २४) आहेत. तिचा नवरा वेत-बांबूचे काम करणारा, छत्र्या बनवणारा होता, असे अट्ठकथा सांगते. मुसळातून सुटल्याचा आनंद, त्या निर्लज्ज माणसाचा आणि त्याच्या छत्र्यांचा तिटकारा, मडक्याचा वास, हे सगळे दोन-तीन फटक्यांत येते. मग राग आणि द्वेष आपण 'चिच्चिटि चिच्चिटि' करत तोडतो असे ती सांगते. हा बांबू चिरण्याचा आवाज. ज्या कामाने घरात तिचा जीव नकोसा झाला, त्याच कामाचा आवाज तिने क्लेश तोडण्यासाठी उचलला. आमच्या मते सबंध संग्रहातला हा सर्वांत चतुर भाषिक प्रयोग आहे, आणि बहुतेक भाषांतरांत तो हरवतो. मराठीत मात्र तो सहज येऊ शकेल, कारण चरचर, तडतड, कडाकड असल्या नादशब्दांची आपल्याला कमतरता नाही.

दोन बोटांची अक्कल

वादविवाद हे थेरीगाथेचे दुसरे मोठे तंत्र. सोमा थेरीच्या तीन गाथांत (६० ते ६२) मार येऊन टोमणा मारतो की ऋषींनाही दुर्लभ असे पद दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला मिळणे शक्य नाही. दोन बोटे का? धम्मपाल सांगतात : बायका सात-आठ वर्षांच्या असल्यापासून भात शिजवतात, तरी शिजला की नाही हे त्यांना दोन बोटांत शीत दाबूनच कळते. मराठीत आपण याच कृतीला शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, आणि ती शहाणपणाची खूण मानतो. तीच कृती माराच्या तोंडी अपमान होते. सोमा त्या अपमानावर वाद घालत बसत नाही. चित्त स्थिर असेल आणि धम्म नीट दिसत असेल तर बाईपण काय आड येणार, असा उलटा प्रश्न ती करते. उत्तराची लांबी टोमण्याहून फार जास्त नाही. मार निघून जातो.

पुण्णिका आणि पाण्यातला ब्राह्मण

आम्हाला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते ते पुण्णिकेपाशी (गाथा २३६ ते २५१). ती पाणक्याचे काम करणारी दासी. अट्ठकथेप्रमाणे अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. कडाक्याच्या थंडीत ती पाण्यात उतरते, कारण मालकिणींचा मार आणि शिव्या चुकवायच्या असतात. तिथेच एक ब्राह्मण कुडकुडत पाण्यात उभा आहे. ती विचारते : मी भीतीने पाण्यात उतरते, तुम्ही कशाच्या भीतीने उतरता?

या एका प्रश्नाने सगळा सामना ठरून जातो. तिने दोघांना एका पातळीवर आणले आहे. दोघेही पाण्यात, दोघेही गारठलेले, दोघेही भ्यालेले. फरक एवढाच की तिच्या भीतीचे कारण खरे आहे.

ब्राह्मण म्हणतो की तुला ठाऊक असून विचारतेस, स्नानाने पाप धुतले जाते. पुढे तिचा युक्तिवाद पायरीपायरीने चढतो. आधी ती विधानाचा उगम विचारते : हे तुम्हाला कोणी सांगितले, अजाणाने अजाणाला सांगितलेली ही गोष्ट दिसते. मग ती ते विधान खरे मानून त्याचा शेवट कुठे होतो ते दाखवते. पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळी स्वर्गात जातील. मेंढ्या-डुकरे मारणारे, कोळी, शिकारी, चोर, वधक हेही पाणी शिंपडून मोकळे होतील. तिसरी पायरी सर्वांत तीक्ष्ण आहे. नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल, मग तुमच्याकडे उरेल काय? पाणी निवड करत नाही, ही गोष्ट रोज पाणी वाहणाऱ्या बाईला पक्की ठाऊक आहे. शेवटी व्यवहाराचा सल्ला : ज्याच्या भीतीने पाण्यात उतरता ते कर्मच करू नका, म्हणजे कातडीला थंडी बाधणार नाही.

ब्राह्मण हरतो आणि तिला स्नानाचे वस्त्र देऊ करतो. ती घेत नाही. ते तुमचे तुमच्याकडेच असू द्या, मला नको, असे सांगते. वादात जिंकलेल्याने दक्षिणा घ्यावी हा त्या काळचा शिरस्ता. तो तिने मोडला. मग ब्राह्मण शरण जातो, आणि आपण आजवर नावाचे ब्राह्मण होतो, आता खरे झालो, असे कबूल करतो. 'ब्राह्मण', 'स्नातक', 'त्रैविद्य' हे वैदिक प्रतिष्ठेचे शब्द आहेत. गाथा ते टाकून देत नाही, त्यांत वेगळा अर्थ भरते. धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गातही हेच तंत्र आहे.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. पहिली, कोळी आणि खाटीक यांना चोरांच्या रांगेत बसवणारी ही यादी आज वाचताना खटकते, आणि खटकायला हवी. प्राणिहत्येच्या कर्माची यादी म्हणून ती आली आहे हे खरे. पण ती पोट भरण्याची कामे होती, आणि ती कोणाच्या वाट्याला येत होती हे आपल्याला माहीत आहे. दासीच्या तोंडची गाथाही आपल्या काळाच्या समजुतींतून पूर्ण सुटलेली नाही. दुसरी गोष्ट, पुण्णिकेची रचना आणि २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांची भाषणांत सरसकट सांगड घातली जाते. पुण्णिका पाण्याला शिवू शकत होती. किंबहुना दुसऱ्यांसाठी पाण्याला शिवत राहण्याची तिच्यावर सक्ती होती. महाडला प्रश्न पाण्यावरच्या हक्काचा होता, इथे प्रश्न पाण्याला चिकटवलेल्या पावित्र्याचा आहे. दोन्ही लढे एकमेकांच्या शेजारी ठेवावेत. सरमिसळ केली तर दोन्ही बोथट होतात.

आम्रपालीचे नखशिखांत वर्णन

आम्रपालीच्या १९ गाथा (२५२ ते २७०) दरबारी काव्याच्या घाटात आहेत. वृत्त रथोद्धता, म्हणजे कसलेल्या कवीचे. नायिकेचे नखशिखांत वर्णन हा काव्याचा ठरीव प्रकार. तो आम्रपाली स्वतःच्या देहावर चालवते, वरून खाली. भुंग्यासारखे काळे केस, चित्रकाराने रेखाटाव्या तशा भुवया, रत्नांसारखे डोळे, कोकिळेसारखा आवाज, शंखासारखी मान. प्रत्येक गाथेचा पूर्वार्ध हा असा. उत्तरार्धात तोच अवयव आज कसा आहे ते येते : केस तागासारखे, हात मुळ्यांसारखे, पोटऱ्या तिळाच्या काटक्यांसारख्या. आणि प्रत्येक गाथा एकाच पालुपदावर संपते, सत्यवाद्याचे वचन खोटे नाही. शेवटी सबंध देह म्हणजे गिलावा पडलेले जुने घर.

ही रचना देहाची किळस शिकवते असे पुष्कळदा म्हटले जाते. आम्हाला ते पटत नाही. किळस शिकवायची असती तर पूर्वार्धाची एवढी निगुतीने रचना करण्याचे कारण नव्हते. ज्या उपमांनी वैशालीच्या लोकांनी तिची किंमत ठरवली, त्याच उपमा ती मोजून परत करते. विमला थेरीची रचना (७२ ते ७६) शेजारी ठेवली की फरक कळतो. विमलाही गणिका होती. ती स्वतःला जाळे पसरून दाराशी उभ्या असलेल्या पारध्याची उपमा देते. तिथे स्वतःवर कठोर टीका आहे. आम्रपालीत टीका नाही, नोंद आहे.

जीवकाच्या आंबराईतल्या सुभेची रचना (३६६ ते ३९९) याच अंगाने वाचता येते. वाट अडवणारा लंपट पुरुष तिथे उत्तमोत्तम शृंगारिक उपमा बोलतो. संग्रहातले सर्वांत गोड काव्य त्याच्याच तोंडी घातले आहे, हा मुद्दाम केलेला डाव आहे. सुभा त्याला कळसूत्री बाहुलीचा दाखला देते : दोऱ्या-काड्या सोडवून ठेवल्या तर त्यात मन कशावर बसवणार? तो ऐकत नाही तेव्हा ती त्याला मोहवणारा डोळा काढून त्याच्या हातावर ठेवते. शेवटी तथागतांच्या दर्शनाने डोळा पूर्ववत होतो. रचना म्हणून हा प्रसंग जबरदस्त आहे. पण अपराध त्याचा आणि डोळा तिचा, हे मुलींच्या शिबिरात सांगताना त्यावर बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये असे आम्हाला वाटते.

इसिदासी आणि मागच्या जन्मीचा सोनार

इसिदासीची रचना (४०० ते ४४७) पाटलिपुत्रात घडते आणि आर्या छंदात आहे. ती संग्रहातल्या उशिराच्या थरातली मानतात. सासरचे तिचे वर्णन कोणत्याही काळातल्या सुनेला ओळखू येईल. पहाटे उठणे, हात-पाय धुऊन नवऱ्यासमोर जाणे, फणी-आरसा घेऊन दासीसारखी त्याची सेवा करणे, स्वतः भात रांधणे, भांडी घासणे. एवढे करूनही तो म्हणतो, मी हिच्याबरोबर राहणार नाही. सासू-सासरे विचारतात, हिने काय बिघडवले? काहीच नाही, पण नको. दुसऱ्या लग्नातही तेच. तिसऱ्या वेळी बाप एका भिक्षेकऱ्यालाच धरून आणतो, चिंधी आणि गाडगे टाकून दे म्हणतो. पंधरा दिवसांत तोही आपली चिंधी आणि गाडगे परत मागतो. या ठिकाणी हसू आणि कळ एकत्र येतात.

इथपर्यंत ही रचना अव्वल आहे. पुढे ती कारण सांगू लागते : मागच्या एका जन्मी ती परस्त्रीशी संग करणारा सोनार होती, त्याचे हे फळ. आमच्या मते रचना इथे पडते. नवऱ्यांच्या वागण्याचा जाब त्यांना न विचारता तो तिच्याच गतजन्मावर टाकला जातो. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच उभा केला आहे, आणि गतजन्मीच्या कर्माने या जन्मातली स्थिती ठरते ही कल्पना पुढे नाकारली आहे. ग्रंथ वाचण्याची त्यांची रीतही इथे आठवावी. १९५१ साली 'महाबोधी' मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिताना त्यांनी महापरिनिब्बान सुत्तातला स्त्रियांविषयीचा आनंदाशी झालेला संवाद भिक्खूंनी नंतर घातलेला ठरवला, आणि त्यासाठी इतर सुत्तांतले पुरावे दिले. पिटकातली ओळ आली की मान तुकवायची, ही त्यांची पद्धत नव्हती.

म्हणून अट्ठकथा टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. दोन बोटांचा अर्थ आणि वाकलेल्या पाठीचा अर्थ तिच्याशिवाय कळला नसता. गाथा आधी वाचावी आणि अट्ठकथा नंतर, एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ झाले.

वाचताना

गाथांचे क्रमांक आम्ही पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीप्रमाणे दिले आहेत. छट्ठ संगायनाच्या पाठात पुढच्या भागात ते एक-दोनने पुढे-मागे होतात. समाजमाध्यमांवर थेरींच्या नावाने फिरणाऱ्या इंग्रजी कविता मूळ गाथांशी ताडून पाहाव्यात. २०२० साली भाषांतर म्हणून निघालेले एक लोकप्रिय पुस्तक प्रत्यक्षात बऱ्याच अंशी स्वतंत्र कविता असल्याचा आक्षेप आला आणि पुढे त्याचे उपशीर्षक बदलावे लागले. त्यातले तुकडे अजूनही थेरीगाथा म्हणून पुढे पाठवले जातात.

सोमा, पुण्णिका, सुभा आणि बापाशी वाद घालणारी रोहिणी (२७१ ते २९०) या रचना संवादात आहेत, त्यामुळे विहारात दोघी-तिघींनी वाटून घेऊन वाचता येतात. पुण्णिकेच्या सोळा गाथा दोन आवाजांत वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत.